लष्करी विमान खरेदी : उशिराची चढती किंमत

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानाने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या म्हणजेच एचएएलच्या कारखान्यात बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. दिनदर्शिकेवर या दोन घटनांमध्ये तीन आठवड्यांचे अंतर दिसते. प्रत्यक्षात तेजसचा मूळ प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला तो मिग-२१ ची जागा घेण्यासाठीच, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून नवी विमाने दाखल होऊ लागतील अशी तेव्हाची अपेक्षा होती. ती अपेक्षा तीन दशके मागे पडली. हवाई दलासाठी लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या म्हणजे स्क्वाड्रन मंजूर आहेत. मिग-२१ च्या अखेरच्या तुकड्या निवृत्त झाल्यावर प्रत्यक्षात २९ उरल्या.

लष्करी विमानांच्या खरेदीला विलंब का होतो, आणि त्या विलंबाची किंमत कोण व कशी मोजते, हे समजून घेण्यासाठी दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाइतकेच ओझरच्या कारखान्याकडेही पाहावे लागते. हा कारखाना मिग-२१ साठीच जन्माला आला. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिगच्या उत्पादनाचा करार झाला, त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी ठरली. द्राक्षबागांच्या या परिसरात १९६४ पासून विमाननिर्मितीचे जे कसब रुजले, त्यावर मिग-२१ नंतर मिग-२७ आणि पुढे सुखोई-३०एमकेआय ही विमाने उभी राहिली. विलंबाचे खापर अनेकदा अशा कारखान्यांवर फोडले जाते. त्यात काही अंशी तथ्यही आहे. पण मागणीपत्रांच्या तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या, की दोषाचा मोठा वाटा दुसरीकडे सापडतो.

तुकड्यातुकड्यांनी मागणी

एखादे विमान विकत घ्यायचे तर प्रथम सेनादल आपली गरज व अपेक्षित गुणवैशिष्ट्ये ठरवते. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद गरजेला मान्यता देते. त्यानंतर प्रस्ताव मागवणे, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष उड्डाण-चाचण्या, किमतीवरील वाटाघाटी, अर्थ खात्याची संमती आणि अखेरीस मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीचा निर्णय, असा हा प्रवास असतो. बोफोर्स प्रकरणानंतर प्रत्येक टप्प्यावर सही करणारा हात थोडा आखडता झाला, आणि निर्णय न घेण्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. २००२ पासून लेखी खरेदी कार्यपद्धती आहे, तिच्यात अनेकदा सुधारणा झाल्या, २०२० मध्ये नवी संहिताही आली. तरीही टप्पे फारसे कमी झालेले नाहीत.

तेजसचेच उदाहरण घ्यावे. जानेवारी २००१ मध्ये या विमानाचे पहिले उड्डाण झाले. मार्च २००६ मध्ये हवाई दलाने पहिली २० विमाने मागवली, सुमारे २,७०१ कोटी रुपयांना. डिसेंबर २०१० मध्ये आणखी २० मागवली, सुमारे ५,९८९ कोटी रुपयांना. म्हणजे पावणेपाच वर्षांत विमानामागे पडणारी रक्कम सुमारे १३५ कोटींवरून ३०० कोटींवर गेली. पुढची मागणी यायला तब्बल दहा वर्षे लागली. ८३ मार्क-१ए विमानांच्या गरजेला नोव्हेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली, प्रस्ताव वर्षभराने मागवण्यात आला आणि करारावर सही झाली ३ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्या वेळी विमानांची मंजूर किंमत ४५,६९६ कोटी रुपये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला तो कर वगळून ६२,३७० कोटींचा. सरासरी काढली तर विमानामागे आधी सुमारे ५५० कोटी आणि नंतर सुमारे ६४३ कोटी रुपये पडतात.

या आकड्यांची थेट तुलना करताना सावध राहावे लागते. प्रत्येक करारात सुटे भाग, प्रशिक्षण, देखभालीची साधने यांचा वाटा निराळा असतो. मार्क-१ए मधील रडार आणि युद्धसामग्री जुन्या तेजसपेक्षा बरीच पुढची आहे, आणि ९७ विमानांच्या करारात ६४ टक्क्यांहून अधिक सामग्री देशी असावी अशी अट आहे. तेव्हा सारी वाढ विलंबाच्या खात्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. परंतु मागणी २०, पुन्हा २०, मग दहा वर्षांचा खंड, मग ८३ अशा तुकड्यांनी येत असेल, तर कारखान्याने यंत्रे कशाच्या भरवशावर घ्यायची आणि सुट्या भागांच्या लहान पुरवठादाराने कर्ज कशाच्या जोरावर काढायचे, हा प्रश्न उरतोच. २० विमानांसाठी उभा केलेला उत्पादन मार्ग वर्षाला ८ विमाने देऊ शकतो. वर्षाला २४ विमाने हवी असतील तर बंगळुरूतील दोन मार्गांना ओझरच्या तिसऱ्या मार्गाची जोड द्यावी लागते, आणि ती द्यायची तर हाती शेकड्याच्या घरातील मागणी हवी. ती मागणी २०२१ मध्ये आली.

थंडावलेली इंजिनांची भट्टी

तुटक मागणीचा फटका किती दूरवर बसतो, हे तेजसच्या इंजिनाने दाखवून दिले. ८३ विमानांपैकी पहिली तुकडी फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये मिळणे अपेक्षित होते. ती तारीख उलटली, नंतर दिलेल्या तारखाही उलटल्या आणि २०२५ संपेपर्यंत एकही मार्क-१ए विमान हवाई दलाच्या ताब्यात आले नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडिया प्रदर्शनात हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी एचएएलवरील आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली. वर्दीतील अधिकाऱ्याने सरकारी कंपनीला चारचौघांत असे सुनावणे ही नित्याची गोष्ट नव्हे.

एचएएलचे उत्तर होते की सांगाडे तयार आहेत, इंजिने नाहीत. तेजसला बसणारे एफ-४०४ जातीचे इंजिन अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनी बनवते. आधीच्या मागणीतील ६५ इंजिने पूर्ण केल्यावर २०१६ मध्ये कंपनीने या प्रकारच्या इंजिनाचा उत्पादन मार्ग बंद केला, कारण पुढची मागणी दिसत नव्हती. त्याच वर्षी दिल्लीत ८३ विमानांच्या गरजेला मान्यता मिळाली हा योगायोग बोलका आहे. प्रत्यक्ष ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये ७१.६ कोटी डॉलरना नोंदवली गेली. पाच वर्षे बंद असलेला मार्ग पुन्हा सुरू करायचा म्हणजे शेकडो लहानमोठ्या पुरवठादारांना पुन्हा जुळवून आणणे. त्यात करोनाच्या साथीने विस्कटलेली जगाची पुरवठा साखळी आडवी आली. ९९ पैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये सुपूर्द झाले. गरज मान्य होताच २०१६-१७ मध्ये इंजिनांची मागणी नोंदवली असती, तर भट्टी थंडावली नसती.

तरीही एचएएलला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. २०१० च्या करारातील दोन आसनी तेजसपैकी पहिले विमान ऑक्टोबर २०२३ मध्ये सुपूर्द झाले, आणि त्यांची इंजिने तर कधीचीच आलेली होती. मार्क-१ए मध्ये नवे रडार, क्षेपणास्त्रे व संगणक-प्रणाली यांचा मेळ घालण्याचे काम इंजिनांची वाट पाहत असतानाही लांबतच राहिले. करारात उशिरासाठी दंडाची तरतूद असते. पण कंपनीची बहुतांश मालकी सरकारची, आणि ग्राहकही सरकारच. दंड आकारला तरी तो एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवण्यासारखे होते.

विनिमयदराचा प्रश्न वेगळाच. २०२१ च्या प्रारंभी डॉलर सुमारे ७३ रुपयांना मिळत होता. २०२५ च्या अखेरीस त्याने ९० रुपयांची पातळी गाठली. ७१.६ कोटी डॉलरची मागणी पहिल्या दराने सुमारे ५,२०० कोटी रुपयांची होते, दुसऱ्या दराने सुमारे ६,४०० कोटींची. इंजिनाचा एकही पंखा न बदलता वाढणारा हा खर्च आहे, आणि इंजिनाप्रमाणेच बाहेरून येणाऱ्या प्रत्येक भागाला तो लागू पडतो.

सुखोईची कहाणी याच साच्यातली आहे, फक्त तिचा फटका ओझरला अधिक थेट बसला. नोव्हेंबर १९९६ मध्ये रशियाशी पहिला करार झाला आणि १९९७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर पहिली विमाने उतरली. डिसेंबर २००० मध्ये १४० विमाने ओझरला बांधण्याचा परवाना मिळाला. पुढे २००७ मध्ये ४० आणि २०१२ मध्ये ४२ विमानांची भर पडली. अशी २२२ विमाने बांधून झाल्यावर नव्या मागणीअभावी उत्पादन थांबले. ओझरकडे जुन्या सुखोईंच्या दुरुस्तीचे काम होते, पण नवे विमान बांधणे आणि उडून आलेले विमान उघडून पुन्हा जोडणे यांत फरक असतो. कुशल जोडारी निवृत्त होतात, साचे बाजूला पडतात. डिसेंबर २०२४ मध्ये अपघातांत गमावलेल्या विमानांची भरपाई म्हणून १२ सुखोईंचा करार झाला. करांसह व पूरक सामग्रीसह त्याची किंमत सुमारे १३,५०० कोटी रुपये, म्हणजे विमानामागे ११०० कोटींहून अधिक. बारा विमानांसाठी थांबलेला कारखाना पुन्हा हलवायचा, तर तो स्वस्तात हलत नाही.

जुन्या विमानांत बसलेले तरुण

उशिराचा खर्च केवळ नव्या करारांत शोधला तर तो अर्धाच सापडतो. नवे विमान येत नाही तोवर जुने उडवावेच लागते. १९९० च्या दशकात तेजस येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर १२५ मिग-२१ विमानांचे आधुनिकीकरण करून त्यांना ‘बायसन’ हे रूप देण्यात आले; त्यातील बहुतेक काम ओझरलाच झाले. हा निर्णय त्या परिस्थितीत योग्य होता, कारण दुसरा पर्यायच शिल्लक नव्हता. पण त्यावर झालेला खर्च तेजसच्या हिशेबात कोणी धरत नाही.

दुसरी किंमत पैशांत मोजता येत नाही. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. सगळे अपघात यंत्राच्या वयामुळे झाले असे म्हणता येणार नाही. प्रशिक्षणातील मोठी उणीव मात्र दोन दशके सर्वांना माहीत होती. किरण या संथ प्रशिक्षण विमानावर शिकलेला विशीतला तरुण एकदम मिग-२१ च्या आसनावर बसत असे. हे विमान तासाला तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरते. दोहोंमधील पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने केली. त्या शिफारशीनुसार ब्रिटिश बनावटीच्या ६६ हॉक विमानांचा करार झाला २६ मार्च २००४ रोजी, आणि बिदरच्या तळावर ती रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस ते विमान हे अंतर २६ वर्षांचे.

याच दरम्यान, १७ सप्टेंबर २००१ रोजी, पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ राजस्थानातील सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात मरण पावले. त्यांचे आईवडील कविता व अनिल गाडगीळ यांनी मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे अनेक वर्षे लावून धरला, आणि मुलाच्या नावाने पुण्यात वैमानिक प्रशिक्षणाची संस्था उभी केली. प्रशिक्षण विमानाच्या खरेदीचा विषय संरक्षण खात्याच्या फायलींमधून मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात आला तो अशा कुटुंबांमुळे. हॉकचा निर्णय अखेर झाला यामागे या जनमताचा वाटा किती, हे कागदोपत्री सिद्ध करता येणार नाही. तो नव्हताच असेही कोणी म्हणणार नाही.

हॉक आल्यावरही पायऱ्यांमधील पोकळी संपली नाही; ती खालच्या पायरीवर सरकली. जुलै २००९ मध्ये दोन वैमानिकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. तातडीची गरज म्हणून २०१२ मध्ये स्वित्झर्लंडहून ७५ पिलाटस विमाने मागवली. देशी पर्याय असलेल्या एचटीटी-४० चे पहिले उड्डाण मे २०१६ मध्ये झाले आणि ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटींचा करार मार्च २०२३ मध्ये. पुन्हा तीच अडचण, बाहेरून येणारे इंजिन उशिरा. कारखान्यात बनलेल्या मालिकेतील पहिले एचटीटी-४० ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळुरूत उडाले. या विमानाचा दुसरा उत्पादन मार्गही ओझरलाच, तेजसच्या मार्गाबरोबर एकाच दिवशी सुरू झाला.

दरेकसाच्या आकाशातील प्रश्न

लढाऊ विमानांच्या चर्चेत हेलिकॉप्टरे मागे पडतात. ओझर राज्याच्या पश्चिम भागात, तर मुंबई-हावडा लोहमार्गाने अगदी पूर्वेच्या टोकाला गेले की गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात दरेकसा लागते. डोंगर, दाट वन, रेल्वेचा बोगदा, जवळच हाजरा धबधबा आणि कचारगडची गुहा, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पलीकडे छत्तीसगड, उत्तरेला मध्य प्रदेश. नक्षलवादी चळवळीत या गावाच्या नावाचे ‘दरेकसा दलम’ अनेक वर्षे पोलिसांच्या नोंदीत राहिले. अशा प्रदेशात जखमी जवानाला तासाभरात रुग्णालयात पोहोचवायचे, किंवा निवडणुकीत मतदान पथक सुरक्षित न्यायचे, तर रस्त्यापेक्षा हेलिकॉप्टरवर भिस्त ठेवावी लागते. लढाऊ विमान येथे कधी लागले नाही आणि लागूही नये. हेलिकॉप्टर मात्र लागते.

या क्षेत्रात यशाचे आणि अपयशाचे असे दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत. मध्यम वजनाच्या एमआय-१७व्ही५ जातीच्या ८० हेलिकॉप्टरांचा रशियाशी करार डिसेंबर २००८ मध्ये झाला आणि २०११ पासून ती येऊ लागली. मागणी खंड न पडता वाढवत १५१ पर्यंत नेली. हवाई दलाला परिचित जात, तयार उत्पादन मार्ग आणि सलग मागणी या तीन गोष्टी जुळून आल्या. अमेरिकेकडून सरकार-ते-सरकार पद्धतीने घेतलेली सी-१३०जे व सी-१७ ही मालवाहू विमानेही करारानंतर दोन-तीन वर्षांत आली. म्हणजे विलंब ही काही या देशाच्या ललाटी लिहिलेली गोष्ट नव्हे. अर्थात या सौद्यांत तंत्रज्ञान फारसे हाती येत नाही, हेही खरे.

हलक्या हेलिकॉप्टरांचे नेमके उलट घडले. चेतक व चीता ही १९६० च्या दशकातील फ्रेंच आरेखनाची हेलिकॉप्टरे बदलण्यासाठी १९७ नव्या हेलिकॉप्टरांची निविदा निघाली. चाचण्या झाल्या, युरोकॉप्टर कंपनीचे यंत्र पसंत पडले आणि डिसेंबर २००७ मध्ये, चाचणीसाठी आणलेले यंत्र नागरी प्रकारचे होते या व अन्य आक्षेपांवरून, सारे रद्द झाले. २००८ मध्ये पुन्हा निविदा, पुन्हा हिमालयात चाचण्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पुन्हा रद्द. डिसेंबर २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह-२२६टी हेलिकॉप्टरांबाबत शासकीय करार झाला. तो खरेदीच्या करारापर्यंत पोहोचलाच नाही. एचएएलचे देशी हलके हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये उडाले, परंतु त्याच्या मोठ्या मागणीचीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. दरम्यान चीता हेलिकॉप्टरे सियाचीनच्या उंचीवर उडतच राहिली आणि कोसळतही राहिली.

मोठ्या सौद्यांपैकी राफेलचा इतिहास सर्वांना परिचित आहे. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ विमानांसाठी प्रस्ताव मागवले, जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत स्वस्त ठरले, वाटाघाटी अडल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ५९,००० कोटी रुपयांना ३६ विमाने थेट घेण्याचा करार झाला. मूळ १२६ साठी मांडलेला अंदाज ४२,००० कोटींचा होता. ३६ चा आकडा कोणत्याही पक्षाच्या सरकारने समर्थनीय ठरवला तरी उरलेल्या ९० विमानांची जागा रिकामी राहिली, ही बाब राजकीय धुराळ्यात दिसेनाशी झाली. नागपूरच्या मिहानमध्ये राफेलच्या निर्मात्या कंपनीचा संयुक्त कारखाना त्यातून आला, पण तो सुटे भाग बनवण्यासाठी.

तेजसच्या ९७ विमानांचा पुरवठा २०२७-२८ पासून सुरू होऊन सहा वर्षांत पूर्ण व्हायचा आहे. या वेळी त्यांच्यासाठीची ११३ इंजिने विमानांच्या करारानंतर सहा आठवड्यांतच, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी नोंदवण्यात आली. ती २०२७ ते २०३२ या काळात येतील. ओझरच्या मार्गावर वर्षाला ८ विमाने बांधण्याची क्षमता आहे. ९७ नंतरची मागणी कधी नोंदवायची, हे त्या मार्गावरील शेवटचा सांगाडा उभा राहण्याच्या किमान तीन-चार वर्षे आधी ठरवावे लागेल.